दोनशे रुपयांत जिल्हा

मराठीत ‘सूव्हेनिअर’ या वस्तूसाठी चालता शब्द नाही. ‘भेटवस्तू’ म्हणावे, तर ती बारशाला, लग्नाला, वाढदिवसाला द्यायची; ती कुठून आणली याला महत्त्व नसते, कितीला आणली याला असते. ‘स्मृतिचिन्ह’ म्हणावे, तर ते शाल-श्रीफळाच्या मागोमाग प्रमुख पाहुण्यांच्या हाती पडते आणि त्यांच्या गाडीत आधीच्या तीन स्मृतिचिन्हांशेजारी जाऊन बसते. (आमच्या पेशातील प्रत्येकाच्या घरी अशा चिन्हांचे एक कपाट असते आणि त्यांतील एकही चिन्ह कशाचीही स्मृती करून देत नाही, हे येथील वाचकांना सांगायला नको.) एखादे स्थळ पाहून परतताना, त्या स्थळाची म्हणून आणलेली छोटी वस्तू आमच्या भाषेत अनामिक आहे, हे पर्यटनविषयक चर्चासत्रांतून वारंवार ऐकू येते; आणि त्यावरून मराठी माणसाला, त्यातही मराठवाड्यातील माणसाला, आपला इतिहास मांडता आणि विकता येत नाही असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. त्यावर जे उपाय सुचवले जातात ते तर त्याहूनही मान्य नाहीत.

मराठी माणूस पर्यटनाला उशिरा निघाला. यात्रेला मात्र तो शतकानुशतके जात आला आहे. आणि यात्रेच्या वस्तूंना नावे होती व आहेत. पंढरपूरचा बुक्का, तुळशीची माळ, चुरमुरे-बत्तासे. तुळजापूरची कवड्यांची माळ. जेजुरीचा भंडारा. माहूरला रेणुकेच्या प्रसादाचा तांबूल, कुटलेला, ओलसर, घरी पोचेपर्यंत काळपट पडणारा. या वस्तूंना एकच एक सामान्यनाम नाही, कारण त्यांना त्याची गरज नव्हती. प्रत्येक वस्तूच्या नावातच गावाचे नाव होते. कवड्यांची माळ म्हटले की कुठून आणली असे कोणी विचारत नाही. ‘सूव्हेनिअर’ला शब्द नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी हे पाहायला हवे होते की सामान्यनामाचा अभाव हा येथे दारिद्र्याचा नव्हे, तर विशेषनामांच्या सुबत्तेचा पुरावा आहे.

याहून जुना आणि याहून नेमका पुरावा आपल्या अभ्यासक्रमातच पडून आहे. महानुभाव पंथात साधनेची चार अंगे मानली गेली : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. पहिली दोन जोडीने आली आहेत, हे लक्षात घ्यावे. स्थान म्हणजे श्रीचक्रधरांच्या चरणस्पर्शाने पावन झालेली जागा; प्रसाद म्हणजे त्यांच्या संबंधाने पावन झालेली वस्तू. जागा आणि वस्तू यांच्याद्वारे गेलेल्या माणसाचे स्मरण करावे, ही कल्पना सातशे वर्षांपूर्वी मराठीत केवळ सुचली नव्हती, तिचे शास्त्र झाले होते. मुनी व्यासांची ‘स्थानपोथी’ हा त्याच शास्त्राचा ग्रंथ. कोणत्या गावी, देवळाच्या कोणत्या दिशेस, कोणत्या ओट्यावर काय घडले, याची ती काटेकोर नोंद आहे. वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली. एम.ए.च्या वर्गात आपण तिला ‘महानुभावांचे गद्य’ या मथळ्याखाली पाच गुणांच्या टिपेपुरती शिकवतो, आणि माहूर आपल्याच जिल्ह्यात असून, दत्तात्रेयप्रभूंमुळे पंथाचे ते श्रेष्ठ स्थान असून, पोथी हातात घेऊन तेथे विद्यार्थ्यांना नेणारा मराठी विभाग आमच्या पाहण्यात नाही. सहल जाते ती वेरूळला. तेथे जाऊ नये असे नव्हे. परंतु स्थळाचे वर्णन हा मराठी गद्याच्या आरंभकाळातील एक प्रकार आहे, हे ज्यांना ठाऊक असायला हवे तेच जेव्हा ‘आपल्याकडे पाहण्यासारखे काय आहे?’ असे विचारतात, तेव्हा तो प्रश्न पर्यटनाचा राहत नाही.

आता वस्तुस्थितीकडे. आम्ही दोघे दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. एक नांदेड जिल्ह्यात, दुसरे लातूर जिल्ह्यात. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्प लावून दिले आहेत. त्या निमित्ताने आम्ही दोन्हीकडच्या मिळून चाळीसेक विद्यार्थ्यांना एक काम दिले : दोनशे रुपयांच्या आत, आपल्या जिल्ह्याची ओळख परक्या माणसाला करून देईल अशी एक वस्तू आणावी, आणि तिच्याविषयी एक पान लिहावे. दुकान, यात्रा, किल्ला, देऊळ, कुठूनही.

नांदेडच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी कडे आणले. लातूरच्या विद्यार्थ्यांनी काय आणले याची यादी वाचण्यासारखी होती : काचेच्या गोळ्यातला ताजमहाल, हसरा बुद्ध, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेले अस्वल, प्लास्टरचा शिवछत्रपतींचा अर्धपुतळा (खाली दुकानदाराने चिकटवलेला दूरध्वनी क्रमांक), आणि अॅक्रिलिकची ‘बेस्ट टीचर’ अशी ढाल, जी आणणाऱ्याने ती आम्हांलाच देऊन टाकली. उदगीरच्या एकाने किल्ल्यातील दगडाचा तुकडा आणला. तो त्याला परत ठेवून यायला सांगितला. निलंगा तालुक्यातील एकीने पानचिंचोलीची चिंच आणली आणि खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिले, कारण चिंच मामाच्या झाडाची होती. आणि कंधारच्या एका मुलीने सुतळीचा तुकडा आणला. क्षेत्रपालाच्या दगडी पावलाचे माप तिने त्या सुतळीने घेतले होते व दोन टोकांना गाठी मारल्या होत्या. तिच्या पानावर फक्त एवढेच लिहिले होते की विकत घेण्यासारखे काही मिळाले नाही, म्हणून माप आणले.

स्टेथोस्कोपवाल्या अस्वलाला हसू नये. लातूरला आज बाहेरगावाहून येणारा माणूस मुख्यतः पालक असतो. मुलाला शिकवणीवर्गाच्या वसतिगृहात सोडून परतणारी आई बसस्थानकाजवळच्या गिफ्ट हाउसमधून जे घेते, ते त्या शहराचे आजचे खरे चिन्ह आहे. दुकानदाराने आपल्या गिऱ्हाइकाला ओळखले आहे. ओळखले नाही ते इतरांनी.

कड्याकडे येऊ. नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातील दुकानांविषयी सुशिक्षित नांदेडकरांचा सूर ठरलेला असतो : सगळा बाजार झाला आहे, जुने नांदेड राहिले नाही, सगळा माल अमृतसरहून येतो. माल बाहेरून येतो हे खरे आहे. पण त्या दुकानात काय विकले जाते ते एकदा नीट पाहावे. कडे, कंगवा, कृपाण, रुमाले, शिरोपे, गुटका साहिब, खंड्याचे चिन्ह असलेली किल्लीची साखळी, तख्ताचे आणि सुवर्णमंदिराचे फोटो. यांतील साखळी आणि फोटो सोडले, तर एकही वस्तू कपाटात ठेवायची नाही. कडे मनगटात घालायचे आहे, कंगव्याने केस विंचरायचे आहेत, गुटका रोज वाचायचा आहे, रुमाला ग्रंथसाहिबांना अर्पण करायचा आहे. स्थळाने दिलेली वस्तू घरी नेऊन वापरली जाते आणि त्या वापरातून ते स्थळ चालू राहते. ज्याला बाजार म्हणून हिणवले जाते, तेथेच स्थान आणि प्रसाद यांचा संबंध अजून शाबूत आहे. हे शिखांनी केले. मराठीच्या प्राध्यापकांनी त्यांच्याकडे जाऊन ते शिकायला हरकत नव्हती.

गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली गोदावरीकाठी देह ठेवला. त्यापूर्वी ग्रंथसाहिबांना गुरुपद दिले. तख्त सचखंडाची इमारत १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी बांधवली, म्हणजे लाहोरच्या दरबाराने निजामाच्या मुलखात. मराठी, तेलुगू, दखनी, पंजाबी यांचा असा संगम महाराष्ट्रात दुसरा दाखवता येईल असे आम्हांला वाटत नाही. आणि त्या ग्रंथसाहिबांत नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांचे मानले गेलेले जन्मस्थान नरसी बामणी नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नामदेवांच्या नावाने पंजाबात घुमानला भरले, त्याचे कौतुकही झाले. परंतु पंजाबातून रोज सचखंड एक्सप्रेसने नांदेडला उतरणाऱ्या यात्रेकरूच्या हाती ‘तुमच्या ग्रंथातील नामदेव ज्या भाषेचा, त्या भाषेच्या मुलखात तुम्ही आला आहात’ असे सांगणारी चार पानांची पुस्तिका, गुरुमुखीत आणि देवनागरीत, ठेवावी असे कोणत्या मराठी संस्थेला सुचले? आमच्या विद्यार्थ्यांनी दुकाने पालथी घातली. त्यांना ती मिळाली नाही. एका दुकानदाराने त्यांना विचारले, असे पुस्तक असेल तर आम्ही ठेवू, कोण देणार? हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारला गेला असला, तरी तो आपल्या विभागांच्या दारात येऊन पडलेला आहे. उद्धाराची व्याख्याने देणाऱ्यांनी त्याला उत्तर द्यावे.

किल्ल्यांकडे हा संबंध मुळातच तुटला आहे. उदगीरच्या किल्ल्याचे नाव मराठी वाचकाला ‘पानिपत’ची प्रस्तावना म्हणून ठाऊक असते. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी येथे निजामाला नमवले आणि पुढल्या वर्षीच्या संक्रांतीला पानिपत झाले. म्हणून उदगीर ही एका पराभवाआधीची विजयाची पायरी, एवढेच. किल्ल्यात उदयगिरींची समाधी आहे, फारसी-अरबी शिलालेख आहेत. २०२२ साली साहित्य संमेलन उदगीरला भरले तेव्हा किल्ला पाहायला गेलेल्या साहित्यिकांच्या हातून कोणते पान त्या शिलालेखांविषयी उतरले, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कळवावे. औशाचा किल्ला तर रचनेचे आश्चर्य आहे : चारी बाजूंना उंचवटा, मध्ये खोलगटात किल्ला, आतून लांबचे सैन्य दिसते, बाहेरून किल्ला दिसत नाही. नांदेडच्या नंदगिरी किल्ल्याला गोदावरीने तीन बाजूंनी वेढले आहे, आणि आज तेथे जो जातो तो बहुधा बाग किंवा पाणीपुरवठ्याची व्यवस्था पाहून परततो.

आणि कंधार. कंधारविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण आमच्या वादाचा खरा विषय तेथे उघड्यावर पडला आहे. राष्ट्रकूटांचे हे एक मोठे नगर. तिसरा कृष्ण दहाव्या शतकात कंधारपुराशी आपले नाव जोडतो. ‘जगत्तुंग समुद्र’ हे त्या काळाचे नाव मिरवणारा तलाव आजही आहे. तलावाला समुद्र म्हणण्याचा थाट त्या राजांचा. आणि मानसपुरीच्या परिसरात सापडलेले क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष : हात, पाऊल, असे सुटे सुटे. संपूर्ण मूर्ती पन्नास-साठ फुटांच्या घरात असावी, असा अंदाज केला जातो. अन्य कुठल्या देशात असे पाऊल सापडले असते, तर त्याची लहान प्रतिकृती त्या देशाच्या प्रत्येक विमानतळावर मिळाली असती. रोममध्ये कॉन्स्टंटाइनच्या भग्न पुतळ्याचे हात-पाय एका अंगणात मांडून ठेवले आहेत. ते पाहायला जगभरातून माणसे येतात, छायाचित्रे काढतात, त्यांची चित्रपत्रे विकत घेतात. तेथेही अखंड मूर्ती नाही. तुकडेच आहेत. तुकड्यांना अर्थ देणारे लेखन मात्र शतकानुशतके झाले आहे. कंधारच्या पावलाला दगडाची कमतरता नाही, मजकुराची आहे.

मजकूर शहाण्यांनी लिहिला नाही असेही नाही. गो. बं. देगलूरकरांसारख्या मूर्तिशास्त्रज्ञांनी मराठवाड्यातील मंदिरे आयुष्यभर पाहिली व मांडली; होट्टल, निलंगा, कंधार ही नावे विद्वानांच्या ग्रंथांत आहेत. पण तो मजकूर ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटापासून किल्ल्याच्या दारापर्यंत आलेला नाही. दारावर आढळतो तो निळा फलक : हे स्मारक संरक्षित आहे, विद्रूप करणाऱ्यास अमुक शिक्षा. प्रेक्षकाला उद्देशून लिहिलेले एकमेव वाक्य धमकीचे.

ही पोकळी भरण्यासाठी गेल्या काही वर्षांत जो उपाय सर्वत्र केला जातो, त्याच्याशी आमचे खरे भांडण आहे. चौकात शहराचे नाव भल्या मोठ्या अक्षरांत उभे करायचे, मागे बदामाची आकृती ठेवायची, रात्री दिवे लावायचे आणि त्याला ‘सेल्फी पॉइंट’ म्हणायचे. या अक्षरांतून नांदेड काढून तेथे दुसरे कोणतेही गाव घातले तर काहीच बिघडत नाही. किंबहुना ती अक्षरे एकाच कंत्राटदाराने पुरवलेली असण्याचाच संभव अधिक. ज्याच्याविषयी सांगण्यासारखे आहे त्याच्याविषयी न सांगता, गावाने स्वतःचे केवळ नाव ओरडत उभे राहावे, याला ओळख म्हणत नाहीत. जत्रेत हरवलेले मूल आपले नाव सांगत राहते, तसे ते आहे.

दुसरे भांडण शुद्धतावाद्यांशी. त्यांचे म्हणणे असे की किल्ल्याच्या दाराशी दुकान आले की पावित्र्य गेले, इतिहास हा विकायचा विषय नाही. हे म्हणणे वरकरणी उदात्त आहे, म्हणून त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. तेरची गोष्ट घ्यावी. लातूरपासून फार दूर नसलेले हे गाव धाराशिव जिल्ह्यात आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंचे संग्रहालय तेथे आहे. तेरला हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नाते सांगणारी दुसरी हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात मिळाली. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, त्याआधी ती तेथे पोचलेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि काही अभ्यासक तिचा संबंध तेर-भोकरदन या परिसराशी जोडतात. म्हणजे ज्या प्रदेशाला छोटी, सुबक, दूरच्या घरात ठेवण्याजोगी वस्तू घडवता आणि विकता येत नाही असे सांगितले जाते, त्या प्रदेशाच्या कारागिरीचे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन घरातील एका वस्तूच्या संदर्भात घेतले जाते. विकण्याने पावित्र्य जात असते, तर तेरच्या संग्रहालयातील निम्म्या काचपेट्या रिकाम्या कराव्या लागतील. पावित्र्य जाते ते खोटी वस्तू विकल्याने. उदगीरच्या मुलाला उदगीरमध्ये रायगडाचे चित्र विकल्याने.

तिसरे भांडण अधिक नाजूक आहे, आणि ते आमच्याच वर्तुळातल्यांशी आहे. या दोन जिल्ह्यांविषयी प्रामाणिक चिठ्ठी लिहायची, तर ती निव्वळ मराठी राहत नाही. राष्ट्रकूट आपल्याला लट्टलूरचे स्वामी म्हणवतात, आणि ते लट्टलूर म्हणजे लातूर हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या दरबारात कन्नडला कोणते स्थान होते हे सांगताना आवाज खाली येतो. लातूरच्या गंजगोलाईचेच पाहा. मध्ये अंबाबाईचे देऊळ, भोवती वर्तुळाकार बाजारपेठ, तिच्यातून फुटणारे सोळा रस्ते. सराफ्यापासून मिरची-गुळापर्यंत प्रत्येकाची आपली गल्ली. शहराच्या रचनेचा असा नमुना मराठवाड्यात दुसरा नाही. हा आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा. आमच्या वर्गातील एकाही विद्यार्थ्याला हे नाव ठाऊक नव्हते, आणि त्यांतील निम्मे रोज गोलाईतून कॉलेजला येतात. निजामी राजवटीचा जुलूम खरा, रझाकार खरे, १७ सप्टेंबर १९४८ खरा. पण त्या राजवटीत एका मुसलमान रचनाकाराने देवीचे देऊळ मध्यबिंदू धरून बाजारपेठ आखली, हेही तितकेच खरे. ज्यांना यांतील एकच खरे सांगायचे आहे, त्यांनी चिठ्ठ्या लिहू नयेत.

उदगीर आणि निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. लातूर हा स्वतंत्र जिल्हा तर १९८२ चा. म्हणजे बिदरी काम ही उदगीरकरांच्या आजोबांच्या जिल्ह्याची कला आहे. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी बसवतात आणि मग वस्तू काळी करताना बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती वापरतात. त्या मातीशिवाय तो गर्द काळा रंग येत नाही असे कारागीर सांगतात. किल्ल्याची माती ज्या वस्तूच्या अंगी लागलेली आहे, तिच्याहून अस्सल आठवण कोणती? २००६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. सीमेपलीकडची म्हणून आपण ती आपली मानत नाही, आणि सीमेअलीकडे दुसरे काही घडवत नाही.

घडवण्याजोगे नाही असे मात्र नाही. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील तीन वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाची बातमी आली : पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि काष्टीची कोथिंबीर. त्याच सुमारास तुळजापूरच्या कवडीलाही. कोथिंबीर कोण आठवण म्हणून नेणार, असे कोणी थट्टेने म्हणाले. चिंच नेता येते. डाळ नेता येते. लाल कंधारी आणि देवणी या दोन गोवंशांची नावे कंधार आणि देवणी या गावांवरून पडली आहेत. बैलपोळ्याला घरोघर मातीचे बैल मांडणाऱ्या प्रदेशात लाल कंधारीचा तांबडा आणि देवणीचा काळा-पांढरा बैल मातीत करणारा कुंभार असू शकत नाही काय? नांदेड कधीकाळी तलम मलमलीसाठी नावाजलेले होते. येथील कापूस संशोधन केंद्रातून निघालेले ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण देशभर पेरले गेले. त्या गावातून पाहुण्याने पॉलिस्टरचा रुमाल घेऊन परतावे, यात बाजाराचा दोष किती आणि बाजाराला काहीच न सांगणाऱ्यांचा किती?

अर्थात सगळेच विकायचे नसते, आणि ही मर्यादा आम्ही आधीच सांगून ठेवतो, कारण ‘पर्यटनस्थळे’ या मथळ्याखालच्या काही याद्यांत आम्ही किल्लारीचे नाव वाचले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाची रात्र सरता सरता, जे झाले त्यात सुमारे १०,००० माणसे गेली. जुनी गावे जागच्या जागी ढिगारा होऊन राहिली, ५२ गावे नव्या जागी वसली. तेथे काय पाहायचे आहे? पाहायचे नाही, वाचायचे आहे : माळवदाची घरे का कोसळली, माती-दगडाच्या जाड भिंतींवर एवढे वजन का होते, नव्या गावांतील सरळ रेषेतल्या घरांत म्हाताऱ्यांचे मन का रमले नाही. तेथे दुकान नको. तेथे लिहिलेले हवे, आणि तेही तिथल्या माणसांच्या तोंडून घेतलेले. तीस वर्षे उलटून गेली. सांगणारे कमी होत चालले आहेत.

आमच्या सहकाऱ्यांतील काहींनी या प्रकल्पावर आक्षेप घेतला, की हा मराठीचा अभ्यास नव्हे, हा वाणिज्याचा विषय आहे. विद्यार्थ्यांनी संहिता वाचाव्यात, किल्लीच्या साखळ्या नव्हेत. या आक्षेपात एक प्रकारची घराणेशाही आहे. कविता वाचली तर समीक्षा, चिठ्ठी वाचली तर दुकानदारी. नरहर कुरुंदकर याच नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत होते, आणि शिवाजी, मनुस्मृती, संगीत, हैदराबाद, नाट्यशास्त्र यांपैकी कोणता विषय मराठीच्या प्राध्यापकाचा नव्हे हे त्यांना कोणी सांगू धजले नाही. त्यांच्या नावाने व्याख्याने ठेवणाऱ्यांनी विषयांच्या कुंपणाची भाषा करावी हे जरा अजब आहे. शिवाय एक साधी गोष्ट आहे : आमच्या एम.ए. झालेल्या विद्यार्थ्यांपुढे नेट-सेट आणि तासिका तत्त्व याखेरीज दार उघडे नाही. ज्याला जुने मराठी गद्य वाचता येते, शिलालेखाचे वाचन तपासता येते आणि साठ शब्दांत नेमके लिहिता येते, अशा माणसाची गरज किल्ल्याच्या दारात आहे, संग्रहालयाच्या काचपेटीत आहे, चिंचेच्या पाकिटावरही आहे. ती गरज पुरी करण्याचे शिक्षण देणे हे भाषेच्या विभागाचे काम नसेल, तर कोणाचे?

आम्ही विद्यार्थ्यांना दुसऱ्या सत्रात त्याच वस्तूंवर साठ शब्दांची चिठ्ठी लिहायला लावली. पहिल्या खेपेला सगळ्या चिठ्ठ्या ‘ऐतिहासिक वारसा लाभलेल्या’ या शब्दांनी सुरू झाल्या. तो शब्दप्रयोग वर्ज्य केल्यावर दोन दिवस कोणाला काही सुचले नाही. मग हळूहळू सुचू लागले. गोलाईवरच्या चिठ्ठीत कोणी सोळा रस्त्यांची नावे घातली, माहूरच्या चिठ्ठीत तांबूल कुटण्याचा आवाज आला. कंधारच्या मुलीने आपल्या चिठ्ठीत पावलाची लांबी वीत आणि बोटांत दिली आणि त्यावरून मूर्तीच्या उंचीचे गणित मांडले; ते गणित साठ शब्दांत बसेना, म्हणून तिला नव्वद दिले.

यांतल्या बारा चिठ्ठ्या आम्ही निवडल्या आहेत. एका बाजूला रेखाचित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर, मराठीत, आणि जेथे ज्या लिपीचा संबंध आहे तेथे कन्नड, उर्दू किंवा गुरुमुखीत. किंमत दहा रुपये. कन्नड मजकुराला विभागाच्या बैठकीत विरोध झाला आहे आणि तो इतिवृत्तात नोंदवला गेला आहे; उर्दू मजकुराला विरोध झाला, पण तो नोंदवू नये अशी विनंती करण्यात आली. आम्ही दोन्ही भाषांतील मजकूर ठेवणार आहोत. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवे, लाल कंधारी, घोंगड्या, लावणी सगळे एका माळावर येते. त्याआधी छपाई व्हायला हवी. नामदेवाच्या पदांवरची चिठ्ठी गुरुमुखीत तपासून देणारे कोणी हवे आहे, आणि औशाच्या किल्ल्याची अजून कोणी लिहिलेलीच नाही.